मामा, यातलं कोणतं घेऊ?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी ३१ वर्षं पोलीस खात्यात गेली. त्यातली बहुतेक शस्त्रागारात आणि चांदमारीच्या मैदानावर. शस्त्रागाराला आमच्याकडे 'कोत' म्हणतात. नव्यानं भरती झालेल्या पोरांना हत्यार उघडायला, पुसायला, जोडायला आणि सगळ्यात शेवटी चालवायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही कुणाला शस्त्राबद्दल काही विचारायचं असलं, की माझी आठवण निघते. बहुतेक प्रश्न परवान्याचे असतात आणि त्यांची उत्तरं पाच मिनिटांत देता येतात. २०२३ मध्ये मात्र मला एक असा प्रश्न विचारला गेला, की त्याचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरात राहतो. आता तिथला नागरिकच झाला आहे. त्याचं औषधांचं दुकान आहे. रात्री नऊ वाजता दुकान बंद करून, दिवसाची रोकड घेऊन तो एकटा गाडीपर्यंत चालत जातो. दोन रस्ते पलीकडच्या दुकानावर एका वर्षात दोनदा दरोडा पडला आणि दुसऱ्या वेळी तिथल्या नोकराचं डोकं फुटलं. आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, पिस्तूल घ्यायचं म्हणतो. तीन नावं काढून ठेवली आहेत. यातलं कोणतं घेऊ ते तुम्ही सांगा."

भाचेसून भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला, पण बोलली काहीच नाही. पाच वर्षांची नात शेजारी बसून चित्र रंगवत होती. सांगायचं एवढ्यासाठी, की माझ्या उत्तरात पुढे या दोघींचा वाटा त्या तिन्ही पिस्तुलांपेक्षा मोठा ठरला.

शनिवारी आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. आपल्याकडच्या माणसाला तो देखावा पचायला जड जातो. काचेच्या कपाटांत घड्याळं मांडावीत तशी पिस्तुलं मांडलेली. विक्रेत्यानं एक काढलं, स्लाइड मागे ओढून आत गोळी नाही हे दाखवलं आणि मुठीकडून माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्याला वाटलं, म्हातारा घाबरला. तसं नव्हतं. पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसानं शस्त्र बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असणाऱ्यांसाठी वगैरे काही अपवाद आहेत, पण मी त्यांत बसत नव्हतो. क्षणभर हातात धरणं म्हणजे बाळगणं की नाही, या वादात मला पडायचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवले आणि परक्या देशात आपणच मोडायचा, हे काही पटेना. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडानं सांगितलं. हात भाच्याचे होते. आता वाटतं, तेच बरं झालं. पिस्तूल त्याच्या हातात बसायचं होतं, माझ्या नव्हे.

त्या तीन पिस्तुलांकडे वळण्याआधी 'पॉलिमर' हा शब्द समजून घेऊ. सोप्या भाषेत सांगायचं तर कणखर जातीचं प्लॅस्टिक. नळी आणि वरची सरकणारी स्लाइड पोलादाचीच असते. मूठ आणि तिच्यावरचा सांगाडा मात्र प्लॅस्टिकचा असतो. आणि स्लाइड ज्यांवरून धावते त्या पट्ट्या पोलादाच्या करून सांगाड्यात बसवलेल्या असतात. ही कल्पना पहिल्यांदा बाजारात आणली जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीनं, १९७० मध्ये. पण तिचं सोनं केलं ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक या अभियंत्यानं. हा गृहस्थ तोवर पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवत होता. पिस्तूल त्यानं कधी बनवलेलं नव्हतं. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं जुनं वॉल्थर पिस्तूल बदलायचं होतं. सैन्यानं अटी घातल्या. दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडलं तरी गोळी सुटता कामा नये, ही एक. पहिल्या १०,००० गोळ्यांत २० पेक्षा जास्त वेळा अडकता कामा नये, ही दुसरी. ग्लॉकनं जाणकारांना गाठलं, जुनी पिस्तुलं विकत आणून खोलून पाहिली आणि १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल निवडलं गेलं. हे गॅस्टन ग्लॉक २०२३ च्या डिसेंबरमध्ये, ९४ व्या वर्षी वारले.

हे पिस्तूल अमेरिकेत पोहोचलं तेव्हा मोठा गहजब झाला. प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या यंत्राला दिसणारच नाही, अशी आवई उठली. १९९० च्या 'डाय हार्ड २' या चित्रपटातही तसल्या एका काल्पनिक पिस्तुलाचा उल्लेख आहे. खरं तर वजनाच्या हिशेबानं ग्लॉकमध्ये चार पंचमांशांहून अधिक धातूच असतो आणि क्ष-किरणांत ते स्वच्छ दिसतं. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली होती. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. बहुतेकांजवळ सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर होती आणि भर गोळीबारात ती पुन्हा भरणं फार अवघड गेलं. त्यानंतर अमेरिकी पोलीस झपाट्यानं रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलाकडे वळले. हलकं, स्वस्त आणि जास्त गोळ्यांचं ग्लॉक त्यांना आयतंच सापडलं.

आपल्या पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होतं. ते मुळात १९३५ च्या ब्राउनिंगचं भावंड. सगळं पोलादाचं, १३ गोळ्यांचं. दिवसभर कमरेला बांधून बंदोबस्ताला उभं राहिलं, की संध्याकाळी कंबर सांगते त्याचं वजन किती ते. शिवाय पावसाळ्यात मुंबई-कोकणात घाम आणि दमट हवा मिळून पोलादाला दोन दिवसांत तांबूस छटा चढते. ह्यूस्टनची हवाही तशीच, अंगाला चिकटणारी. प्लॅस्टिकची मूठ गंजत नाही, उन्हात पोळत नाही, थंडीत चावत नाही. पण भाच्याला मी बजावलं, की मूठ प्लॅस्टिकची असली तरी नळी लोखंडाचीच आहे. तेलपाणी चुकत नाही.

आता ती तीन पिस्तुलं. तिन्ही एकाच ९ मिलिमीटरच्या गोळीची. ही गोळी १९०२ च्या सुमाराची, गेऑर्ग लूगर यांची. तिन्ही अर्धस्वयंचलित, म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीच्या तोंडाशी येऊन बसते. पुढची गोळी सोडायला चाप पुन्हा ओढावा लागतो.

पहिलं ग्लॉक १९, १९८८ चं. मूळ पिस्तुलाची ही आखूड आवृत्ती. १५ गोळ्या, नळी सुमारे १० सेंटिमीटर, मॅगझिन सोडून वजन साधारण ६०० ग्रॅम. जाडी तीन सेंटिमीटरहून अधिक.

दुसरं सिग सावरचं पी-३६५, २०१८ चं. नळी सुमारे आठ सेंटिमीटर, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, जाडी अडीच सेंटिमीटरच्या घरात, आणि तरी १० गोळ्या. ते आलं तेव्हा लोकांना याचंच नवल वाटलं. तोवर एवढ्या लहान पिस्तुलांत सहा-सात गोळ्याच मावत. मॅगझिनमध्ये गोळ्या दोन ओळींत, एकमेकींच्या खाचेत बसवून त्यांनी ही जागा काढली.

तिसरं स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, २०२१ चं. २०१२ च्या शील्डचं सुधारलेलं रूप. आकार पी-३६५ च्या जवळपास, १० किंवा १३ गोळ्यांची मॅगझिन, वजन साडेपाचशे ग्रॅमहून थोडं अधिक. हे अंगठ्यानं लावायच्या सुरक्षा खटक्यासह मिळतं आणि खटक्याशिवायही मिळतं. पी-३६५ चंही तसंच. ग्लॉक १९ ला मात्र सहसा असा खटका नसतो.

कागदावर पाहिलं तर माणूस म्हणेल, लहान, हलकं आणि दहा गोळ्यांचं घ्यावं, मोठ्याच्या भानगडीत कशाला पडावं? इथेच पहिली गोम आहे. आपण हलक्या होडीतून काठावर उडी मारली, तर होडी जोरात मागे सरते. जड होडी तेवढी सरत नाही. पिस्तुलाचं तसंच. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे बसणारा धक्का तोच. पण हत्यार जेवढं हलकं, तेवढं ते हातात जास्त उसळतं. मूठ आखूड असेल तर करंगळीला जागा मिळत नाही आणि पकड तीन बोटांवर येते. नळी आखूड म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतरही कमी, आणि हात थोडा हलला तरी चूक मोठी होते. थोडक्यात, बाळगायला जे सोपं, ते चालवायला अवघड. चालवायला जे सोपं, ते बाळगायला अवघड. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं, हाच सगळा निवडीचा प्रश्न. कोणतीही कंपनी तो सोडवून देत नाही.

दुसरी गोम सुरक्षेची. ग्लॉकच्या चापातच एक छोटी पट्टी आहे. बोट बरोबर चापावर आल्याशिवाय चाप हलत नाही. आत आणखी दोन अडथळे आहेत, त्यामुळे पिस्तूल खाली पडलं म्हणून गोळी सुटत नाही. पण चाप ओढला गेला, मग तो बोटानं असो, शर्टाच्या टोकानं असो की लहान मुलाच्या अंगठ्यानं, की गोळी सुटते. चाप ओढायला जोर लागतो अडीच किलोच्या आसपास. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता चाप ओढायचा तर याच्या जवळजवळ दुप्पट जोर लागायचा. त्या जोरामुळे कितीतरी चुका आपोआप वाचायच्या. नव्या पिस्तुलांत ती जबाबदारी माणसाच्या बोटावर आली आहे.

तिसरी गोम सफाईची, आणि ती सांगताना माझा आवाज जरा बदलतो. ग्लॉक पुसायला उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो. पिस्तूल रिकामं असेल तर नुसता टक् असा आवाज होतो. रिकामं नसेल तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गुन्ह्यात जप्त झालेलं एक परदेशी पिस्तूल तपासायला आमच्याकडे आलं होतं. माझा एक सहकारी, माझ्यापेक्षा अनुभवी, ते रिकामं करत होता. नियम असा, की आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून नळीतली गोळी बाहेर पाडायची, मग डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. त्यानं क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली, नळीतली गोळी बाहेर पडली आणि त्याच झटक्यात मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत जाऊन बसली. मग त्यानं मॅगझिन काढलं. टेबलावर गोळी पडलेली, मॅगझिन पडलेलं. कुणालाही वाटावं, पिस्तूल रिकामं झालं. त्यानं चाप ओढला. समोर स्टुलावर एक हवालदार चहा पीत बसले होते. गोळी त्यांच्या गुडघ्यातून गेली. ते वाचले, पण निवृत्त होईपर्यंत लंगडत चालले. ज्याच्या हातून हे झालं, त्यानं पुढे कधीही हत्याराला हात लावला नाही. तो माणूस वाईट नव्हता, आळशी नव्हता. दोनच क्रिया, फक्त क्रम चुकला.

म्हणून भाच्याला मी म्हटलं, "मला विचारशील तर अंगठ्याचा खटका असलेलं शील्ड घे. ते उघडायला चाप ओढावा लागत नाही. आत एक छोटी कळ आहे, ती खाली केली की काम होतं. आणि खटका लावलेला असला, की चुकून बोट गेलं तरी गोळी सुटणार नाही."

भाचा शिकलेला आहे, वाद घालतो. म्हणाला, "मामा, ज्या दिवशी कुणी समोर येऊन उभा राहील, त्या दिवशी मला तो खटका काढायची आठवण राहील का?"

मी म्हटलं, "हे माझ्या तोंडून ऐकू नकोस. मैदानावर जाऊन बघ."

तिथे चांदमारीच्या खासगी बंदिस्त जागा असतात आणि पिस्तुलं तासाच्या भाड्यानं मिळतात. ही सोय मला फार आवडली. बूट घालून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही, मग हत्यार कसं घ्यायचं? भाच्यानं तीन शनिवार तिन्ही पिस्तुलांतून प्रत्येकी ५० गोळ्या झाडल्या. मी जाड काचेमागे कानांवर टोप्या लावून उभा. पहिल्या शनिवारी ग्लॉक १९ च्या गोळ्या सात यार्डांवर एका बशीएवढ्या जागेत लागल्या. लहान दोन पिस्तुलांच्या ताटाएवढ्या पसरल्या. त्यालाही नवल वाटलं, मला नाही.

मग मी सांगितल्याप्रमाणे तिथल्या प्रशिक्षकानं एक गंमत केली. खटका लावलेलं शील्ड समोर ठेवायचं, प्रशिक्षकानं ओरडायचं आणि भाच्यानं उचलून गोळी झाडायची. पाच वेळा केलं. दोन वेळा भाचा चाप ओढत राहिला आणि पिस्तूल गप्प. अंगठा खटक्यावर गेलाच नव्हता. काचेमागून मला त्याचा चेहरा दिसत होता. मी तीन दशकं शिकवलं, पण माझ्यासमोरची पोरं महिनोन् महिने रोज कवायत करणारी होती. त्यांचा अंगठा न सांगता खटक्यावर जायचा. औषधांच्या पुड्या बांधणाऱ्या माणसाचा जाणार नाही. जायला हवा असेल तर त्यानं रोज सराव करायला हवा. त्या दिवशी मी माझा आग्रह मागे घेतला. तो गुडघा माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मी त्याच्यासाठी निवड करत होतो.

राहिला प्रश्न बाळगण्याचा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र नागरिकाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. कायदा एवढा सैल, म्हणून जबाबदारी जास्त. भाच्याला दिवसभर काउंटरमागे वाकावं लागतं, खालच्या कप्प्यांतून औषधं काढावी लागतात. ग्लॉक १९ कमरेला लावून त्यानं एक तास वाकाउठी केली आणि सांगितलं, "टोचतं. आठ दिवसांत मी ते खणात ठेवायला लागेन." हे मला पटलं. खणात पडलेलं पिस्तूल म्हणजे कुणाच्याही हातात पडणारं पिस्तूल.

शेवटी पी-३६५ वर गाडी थांबली. खटक्याशिवायचं. उघडायला चाप ओढावा लागत नाही, एवढं माझं समाधान. कमरेला टोचत नाही, हे त्याचं. आणि नेम ग्लॉकइतका लागत नाही, ही त्याची किंमत. ती त्यानं सरावानं फेडायची. मी दोन अटी घातल्या. एक, होल्स्टर टणक हवं आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. बाहेर काढल्याशिवाय चापाला काहीच लागता कामा नये. दोन, पहिल्या २०० गोळ्या न अडकता सुटेपर्यंत ते भरवशाचं मानायचं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं, निवड झाली. नाही झाली. घरी येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा भाचेसून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मामा, तुम्ही दोघांनी तीन आठवडे दरोडेखोराचा विचार केलात. हिचा कधी करणार?" आणि तिनं नातीकडे बोट दाखवलं.

खरं सांगतो, मी वरमलो. तिचं म्हणणं आकड्यांनीही खरं आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीच्या गोळीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांना परक्यानं मारलेलंच नव्हतं. आणि १ ते १९ या वयातल्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत २०२० मध्ये तिथे गोळी पहिल्या क्रमांकावर गेली, मोटार अपघातांच्याही वर. आपण ज्याच्या भीतीनं हत्यार आणतो तो एखाद्या रात्री येतो किंवा कधीच येत नाही. घरातली माणसं मात्र रोज घरात असतात. कुणाच्या मनाचा एखादा वाईट दिवस, एखाद्या मुलाचं कुतूहल. अडीच किलोचा चाप लहान मूलही दोन्ही अंगठ्यांनी ओढू शकतं. टेक्सासचा कायदाही सांगतो, की १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र बेफिकिरीनं ठेवणं हा गुन्हा आहे. पण कायदा नंतर येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिस्तूल घ्यायला गेलो नाही, पेटी घ्यायला गेलो. पोलादी, आकड्यांच्या कुलपाची, दोन बोल्टांनी जमिनीला पक्की करता येणारी. ती बसवून झाली, भाच्यानं अंधारात डोळे मिटून दहा वेळा उघडून दाखवली, मगच भाचेसून हो म्हणाली. पिस्तूल त्यानंतर आलं. तिथं दुकानदार केंद्राचा एक फॉर्म भरून घेतो आणि एफबीआयच्या नोंदींत नाव तपासतो. १९९८ पासूनची ही पद्धत आहे. पिस्तुलासोबत एक कुलूपही कायद्यानंच मिळतं. घरातला नियम भाचेसुनेनं केला. दारातून आत आल्यावर बूट काढायच्या आधी पिस्तूल पेटीत. आणि नातीला एकच वाक्य शिकवलं. असली वस्तू कुठंही दिसली, आपल्या घरात, मैत्रिणीच्या घरात, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं.

एक गोष्ट मी भाच्याला स्वतंत्रपणे सांगितली. कुणी पैसे मागितले तर द्यायचे. औषधं मागितली तर द्यायची. पैशासाठी पिस्तूल काढायचं नाही. ते फक्त जीव वाचवायचा दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तेव्हासाठी. हे ज्याला पटत नाही, त्यानं कोणतंही पिस्तूल निवडू नये.

आता तुम्ही विचाराल, आमचा याच्याशी संबंध काय? आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळतच नाही. ज्यांना परवाना मिळतो ते बहुधा .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. हे ठीकच आहे. पण आपल्या गावोगाव अशी घरं आहेत, जिथे वडिलांच्या नावावरचं शस्त्र कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेलं असतं. निवडणूक आली, की ते ठाण्यात जमा करायला बाहेर निघतं. नोकरीत असताना अशी कितीतरी शस्त्रं माझ्यासमोर आली. त्यातली काही भरलेली होती आणि आणून देणाऱ्या मुलाला ते ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरात असं काही असेल, तर परवानाधारकानं स्वतः ते माहितगाराकडून रिकामं करून घ्यावं. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवावीत. आणि ज्यांना कधी हातात घ्यावं लागतं त्यांनी क्रम पाठ करावा. नळी कुणाच्याही दिशेनं नाही. बोट चापापासून दूर. आधी मॅगझिन. मग स्लाइड. मग डोळे. मग बोटानं चाचपणी. आणि एवढं झाल्यावरही ते भरलेलंच आहे असं समजून वागावं.

भाच्याचा फोन दर रविवारी येतो. मी दुकानाची चौकशी करतो, नातीशी बोलतो आणि फोन ठेवण्याआधी विचारतो, "पेटी?" तो म्हणतो, "बंद आहे, मामा." मध्यंतरी एकदा फोन नातीनं उचलला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आजोबा, पेटी बंद आहे. मी बाबांना विचारलं." पिस्तुलाचं नाव तिला माहीत नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.